टाकीतले मरण आणि भरपाईचा हक्क

२३ डिसेंबर २०१९ रोजी मुंबईच्या पूर्व उपनगरात, गोवंडीतील एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा भरपाईसाठी उच्च न्यायालयात गेल्या. घाटकोपरला आमच्या अभ्यासवर्गात या खटल्यावर मी बोलत होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, जिवाची किंमत करणारे हे पैसे आपण मागावेतच कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे, असे मला वाटते.

जुन्या इंग्रजी कायद्यात जखमी माणूस दावा लावू शके. तो मेला की दावाही मरे. आपल्याकडे १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या पत्नीला, पतीला, आईबापांना, मुलांना दाव्याचा हक्क दिला. पण दुसऱ्याची चूक त्यांनीच शाबीत करायची. ज्यांच्या घरात अक्षर शिरू दिले नाही, त्यांनी हे कोणत्या बळावर करावे?

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' होता. मैला वाहणाऱ्याचे नाव व्यवस्थेने कराला दिले. त्याच्या घामावर कर बसवणाऱ्या कायद्याला तो कोण हे नीट ठाऊक होते. भरपाई द्यायची वेळ आली की मात्र तो कोणाचाच नसतो!

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा एक पाऊल पुढे गेला. मालकाची चूक शाबीत करण्याची गरज उरली नाही. मात्र मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामावर तात्पुरता लावलेला माणूस या कायद्याने 'कामगार' मानलाच नाही. सोसायटीने एका दिवसासाठी बोलावलेला सफाईवाला नेमका हाच. ही वगळणूक २००० साली दुरुस्ती होईपर्यंत टिकली.

दुसरी वाट संविधानाने दाखवली. पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या ओरिसातील नीलाबती बेहेरा या आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९९३ साली न्यायालयाने तिला दीड लाख रुपये देवविले आणि सांगितले की जगण्याचा मूलभूत हक्क शासनाने मोडला तर शासनाला भरपाई चुकवता येणार नाही. याचना संपली, हक्क सुरू झाला.

पुढे हाताने मैला सफाईला बंदी करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे गुन्हा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला : १९९३ पासून अशा कामात मेलेल्यांची कुटुंबे शोधा आणि प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये द्या.

'शोधा' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. शोधण्याचे काम शासनाचे होते. गोवंडीत काय घडले? विधवांनाच न्यायालय शोधावे लागले. काम खासगी होते, तेव्हा पैसे खासगी मालकाने द्यावेत, अशी शासनाची भूमिका होती. सप्टेंबर २०२१ मध्ये न्या. उज्ज्वल भुयान व न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने ती मानली नाही. उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी चार आठवड्यांत प्रत्येकी दहा लाख द्यावेत. शासनाने ते जबाबदार व्यक्तींकडून हवे तर वसूल करावेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली.

आता त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर. ही जिवाची किंमत नव्हे. ती कोणालाच करता येणार नाही. भरपाई म्हणजे कबुली : हे मरण दैवाने आले नाही, पूर्वजन्मीच्या कर्माने आले नाही, ते माणसांनी घडवले. ज्या धर्मव्यवस्थेने आमच्या मरणाला प्राक्तन म्हटले, तिच्या राज्यात ही कबुली सहज मिळत नाही. ती लढून घ्यावी लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, अशी घटना कानावर आली की नुसती शोकसभा घेऊन थांबू नका. प्राथमिक माहिती अहवाल आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मिळवा आणि त्या बाईसोबत जिल्हाधिकारी कचेरीची पायरी चढा. तिथे हात जोडू नका. कायदा काढून टेबलावर ठेवा.