मापाच्या दस्त्याची कुळकथा

शॉटगनच्या नळीच्या टोकाला एक बारीकशी माशी असते. मागे काहीच नसतं. रायफलवाला मागच्या छिद्रातून पुढचं वर्तुळ बघतो, दोन्ही जुळवतो, श्वास धरतो आणि मग चाप दाबतो. शॉटगनमध्ये मागच्या साइटचं काम नेमबाजाच्या डोळ्यालाच करावं लागतं. डोळा बंदुकीला स्क्रूने बसवता येत नाही. तो नळीच्या रेषेत येणार की इकडेतिकडे, हे दस्त्यावर अवलंबून असतं: चापापासून खांद्यापर्यंतची त्याची लांबी, गालाखालची उंची आणि बाजूला दिलेला कल. दस्ता मापाचा नसेल तर लाखो रुपयांची बंदूकही नेमाने चुकीच्या जागी मारते.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की रायफल आणि पिस्तूल आठवतं. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, आणि 2024 साली पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिक कांस्य आणलं. त्यांच्या खेळातल्या रायफलींचा दस्ता पाहिला तर जागोजागी स्क्रू आणि सरकपट्ट्या दिसतात. प्रत्येक पोझिशनला तो वेगळा जुळवता येतो. शॉटगनवाल्याला ती सवड नाही. हल्ली गालाखालचा भाग वरखाली करता येणारे दस्ते मिळतात हे खरं, पण मूळ लाकूड एकदा कापलं की कापलं. क्ले, म्हणजे हवेत सोडलेली मातीची चपटी तबकडी, उडाल्यावर बार काढायला हातात जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद असतो. तेवढ्यात जुळवाजुळव होत नाही. बंदूक उचलली की डोळा आपोआप जागेवर यायला हवा.

हिशेब करून पाहा. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण एक यार्ड धरू. डोळा नळीवरच्या पट्टीच्या मध्यरेषेपासून 3 मिलिमीटर सरकला, तर 35 मीटरवर बार सुमारे 11 सेंटिमीटर बाजूला जातो. ट्रॅप या ऑलिम्पिक शॉटगन प्रकारातल्या क्लेचा व्यास आहे 11 सेंटिमीटर. म्हणजे दस्त्यातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने बाराचा मध्य अख्खी क्ले सोडून पलीकडे जातो. छर्‍यांच्या फैलावामुळे थोडी माफी मिळते, पण कडेचे छर्रे विरळ असतात आणि विरळ छर्‍यांतून क्ले सहीसलामत निसटल्याचं प्रत्येक शॉटगनवाल्याने पाहिलेलं असतं.

हे गणित बंदूककारांच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. उडता पक्षी मारण्याची हौस इंग्लंडमध्ये रुजली ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी बसलेल्या पाखरावर टेकून नेम धरायचा रिवाज. गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी, तोंडाने ठासायची बंदूक, बार उडायला क्षणभर उशीर, त्यात पक्षी उडता. चुकलं तर दोष कुणाचा, हे ठरवणंच कठीण. तरी एक गोष्ट लोकांना जाणवत होती: बार खाली जातो. लंडनचा नामी बंदूककार जोसेफ मॅन्टन याने 1806 साली यावर पेटंट घेतलं. त्याने दोन नळ्यांमधली पट्टी चापाकडच्या बाजूला उंच केली, म्हणजे नळ्यांचं तोंड आपोआप किंचित वर राहावं. युक्ती झकास, पण सगळ्या गिर्‍हाइकांना एकच. माणसाची मान, गाल, खांदा वेगवेगळा असतो ही गोष्ट त्यात नव्हती. मॅन्टनच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स पर्डीने 1814 मध्ये स्वतःचं दुकान काढलं, आणि पुढच्या पिढ्यांत त्याच्यासारख्या लंडनच्या घराण्यांनी गिर्‍हाइकाच्या अंगावर बंदूक बेतण्याची कला वाढवली.

या कलेला जोर आला तो मागून भरायच्या बंदुकीमुळे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्रेंच बंदूककार लेफोशोच्या पद्धतीची, मधोमध मोडून काडतूस घालायची बंदूक इंग्रजांनी पाहिली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठासणीची बंदूक मागे पडली. आता मिनिटाला कितीतरी बार काढता येऊ लागले. जहागिरींवर हाकारे घालून तितर आणि फेझंट डोक्यावरून उडवायचे आणि सरदार मंडळींनी ओळीत उभं राहून ते पाडायचे, असा शिकारीचा हंगामच सुरू झाला. पंजाबचं राज्य गमावून इंग्लंडमध्ये नेले गेलेले महाराजा दुलीपसिंग सफोकमधल्या एल्व्हडनच्या इस्टेटीवर याच शिकारीत गढलेले असायचे आणि त्या काळच्या अव्वल नेमबाजांत त्यांची गणना होई. दिवसाला शेकडो बार काढणार्‍याला दस्ता टोचला, गालावर आपटला किंवा बार सारखा डावीकडे गेला, तर ते लपत नव्हतं. चारचौघांत मान खाली जायची.

मग लंडनच्या दुकानदारांनी शहराच्या कडेला स्वतःची मैदानं काढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मापाची बंदूक तयार झाली. दिसायला बंदूकच, पण दस्त्याला सांधे आणि स्क्रू: लांबी वाढवा, उंची कमी करा, डावीउजवीकडे वळवा. माप घेणारा गिर्‍हाइकासमोर उभा राहायचा, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायचा आणि म्हणायचा, माझ्या डोळ्यावर नेम धरा. नळीच्या तोंडाशी उभं राहून समोरच्याचा डोळा पट्टीच्या वर नेमका कुठे दिसतो, हे तो पाहायचा. आजही पद्धत तीच आहे. बाहेरच्या कुणाला ते दृश्य अंगावर काटा आणणारं वाटेल, पण शिंपी छातीला टेप लावतो तितक्याच निर्विकारपणे हे लोक नळीसमोर उभे राहतात.

डोळ्याने घेतलेलं माप मैदानावर तपासायचं. त्यासाठी लोखंडी पत्रा पांढरा रंगवून 16 यार्डांवर उभा करतात. 16 च का? 16 यार्ड म्हणजे 576 इंच, आणि डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण 36 इंच. भागाकार 16. म्हणून पत्र्यावर बार एक इंच बाजूला पडला तर दस्ता एक सोळांश इंच सरकवायचा, तीन इंच पडला तर तीन सोळांश. कागद-पेन्सिल लागत नाही, त्रिकोणमिती लागत नाही. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालेला हा आकडा मला या सगळ्या कथेत सर्वांत देखणा वाटतो.

तयार दस्ता थोडाच चुकत असेल तर तो वाकवतात. अक्रोडाच्या लाकडाचा, चापामागचा बारीक भाग कापडाने गुंडाळायचा, त्यावर कढत जवसाचं तेल पळीपळीने ओतत राहायचं. लाकूड तापून नरमलं की शिकंज्यात धरून हळूहळू दाब द्यायचा आणि तसंच थंड होऊ द्यायचं. दोन-चार मिलिमीटर कल असा मिळतो. घाई केली किंवा लाकडाची रेघ आडवी असली, तर कट्‌ असा आवाज येतो आणि तिथे काम संपतं.

स्पर्धेची बंदूक मात्र शिकारीतून सरळ आली नाही. मध्ये कबुतरं होती. खोक्यातून जिवंत कबुतर सोडायचं आणि ठरावीक हद्दीच्या आत पाडायचं, यावर युरोपभर पैजा लागत. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या कार्यक्रमातही ही स्पर्धा झाली. आज त्याबद्दल वाचतानाही कसंसंच होतं. कबुतरांच्या जागी आधी काचेचे गोळे आले, मग 1880 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीच्या चपट्या तबकडीचं पेटंट घेतलं, आणि ब्रिटनने 1921 मध्ये कायद्यानेच जिवंत कबुतरांचा खेळ बंद केला. क्ले कबुतरासारखी भरकटत नाही. ती ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या कोनांच्या मर्यादेत सुटते. त्यामुळे नेमबाजाला पुन्हा पुन्हा अगदी तीच हालचाल करता यावी लागते, आणि तिथे दस्त्याचं माप चैनीतून गरजेत आलं. ट्रॅपची क्ले वर चढत जाते, म्हणून ट्रॅपवाल्याचा दस्ता गालाखाली उंच असतो. बार थोडा वर पडतो आणि क्ले नळीच्या वर दिसत राहते. स्कीट या शॉटगनच्या दुसर्‍या प्रकाराचं दुखणं निराळं. क्ले दिसेपर्यंत दस्त्याचं बूड कमरेजवळच्या खुणेला टेकवून ठेवायचं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. क्ले दिसली की एका झटक्यात बंदूक गालाला आणि खांद्याला लागली पाहिजे. जरासा लांब दस्ता जाकिटाच्या शिवणीत अडकतो, आणि तेवढ्यात क्ले गेलेली असते.

अशा स्पर्धेच्या बंदुका जिथे घडल्या, त्या इटलीकडे आता वळू. ब्रेशा शहराच्या वरच्या अंगाला, मेल्ला नदीच्या खोर्‍यात गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाचं गाव आहे. डोंगरात लोखंड, नदीला धार, शेजारी व्हेनिससारखं गिर्‍हाईक. 1526 मध्ये बार्तोलोमेओ बेरेत्ता याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला 185 नळ्या विकल्या आणि त्याबद्दल 296 डुकाट मिळाले, याची नोंद आहे. त्याच्या वंशजांचा कारखाना तिथे अजून चालतो. या मुलखात लोहाराचा मुलगा बंदूककार होणं नवलाचं नव्हतं. दानिएले पेरात्सी हाही इथलाच. त्याने 1957 मध्ये स्वतःचं नाव लावून काम सुरू केलं आणि पुढे ब्रेशाजवळच्या बोत्तिचिनो गावी कारखाना थाटला. हॉलला इंपोर्टेड मार्बल बसवताना दुकानदाराने ‘बोटिचिनो’ नावाची फिकट बदामी लादी दाखवली असेल, तर ती मूळची याच गावची.

पेरात्सीचं मोठेपण असं की त्याने नेमबाजांचं ऐकून घेतलं. एन्नियो मात्तारेल्ली या इटालियन नेमबाजाने 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये 200 पैकी 198 क्ले फोडून ट्रॅपचं सुवर्ण घेतलं, ते पेरात्सीच्या बंदुकीवर. मग दोघांनी मिळून 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी नवी बंदूक रचली. मेक्सिकोतला ‘एमएक्स’ आणि 68 मधला 8 घेऊन तिचं नाव ठेवलं एमएक्स-8. तिचा चाप अख्ख्या यंत्रणेसकट बाहेर काढता येतो. ऐन स्पर्धेत स्प्रिंग तुटली तर दुसरा जोड बसवून पुढच्या क्लेला उभं राहायचं. दस्ताही आतल्या एकाच लांब बोल्टवर बसतो, म्हणून तो बदलता येतो. लंडनमध्ये एक बंदूक म्हणजे एका माणसासाठी वर्ष-दोन वर्षं खपून केलेली वस्तू. इथे बंदूक एका साच्याची आणि दस्ता ज्याचा त्याचा. सरदारांच्या घरची चीज पगारदार खेळाडूच्या हातात आली ती या विभागणीमुळे, असं माझं मत आहे. स्वस्त झाली असा मात्र अर्थ नाही. आकडा आजही लाखांतच.

म्हणूनच जगभरचे ट्रॅप-स्कीटवाले बोत्तिचिनोची वारी करतात. जाकीट आपलंच न्यायचं असतं, कारण खांद्यावरच्या जाडीचाही मापात हिशेब धरतात. आधी मापाच्या बंदुकीने लांबी, उंची, कल घेतला जातो; हाताची पकड पाहिली जाते, बोट चापावर सहज पोचतं का ते पाहिलं जातं. मग लाकूड निवडायचं. गिर्‍हाईक रेघा आणि रंग बघतं, कारागीर मात्र चापामागच्या बारीक भागात लाकडाची रेघ सरळ धावते का ते बघतो, कारण धक्का तिथेच बसतो. दस्ता यंत्रावर कोरला जातो, पण शेवटचं काम कानशीने आणि हाताने. रेंजवर बार काढायचे, परत यायचं, गालाखालचं लाकूड केसभर उतरवायचं, पुन्हा बार. जवळच लोनातोची रेंज आहे, जिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाल्या आहेत. या पंचक्रोशीत बंदूक तपासायला मैदानांची वानवा नाही. सगळं जमलं की पकडीवर जाळी कोरतात आणि लाकडाला तेल पाजतात.

अशा बंदुकीत जीव कसा अडकतो, ते अमेरिकेच्या किम र्‍होडला विचारावं. 1996 ते 2016 अशा सलग सहा ऑलिम्पिकमध्ये तिने पदक मिळवलं. त्यातल्या पहिल्या चारांत तिच्या खांद्याला जी पेरात्सी होती, ती 2008 मध्ये तिच्या गाडीतून चोरीला गेली. चाहत्यांनी वर्गणी काढून नवी दिली, आणि पुढच्याच वर्षी पोलिसांना जुनीही सापडली. 2012 मध्ये तिने 100 पैकी 99 क्ले फोडून स्कीटचं सुवर्ण जिंकलं. बंदूक गेली तरी माप राहतं, एवढं त्यातून कळलं.

आपल्या देशात हा खेळ बिकानेरचे महाराजा करणीसिंग यांनी रुजवला. पाच ऑलिम्पिक खेळलेले, 1962 च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलेले. दिल्लीच्या तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाची. 2004 मध्ये राज्यवर्धन राठोड यांनी अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणलं. आणि पॅरिसमध्ये 2024 साली अनंतजीत नरुका आणि माहेश्वरी चौहान यांचं मिश्र स्कीटचं कांस्य 43 विरुद्ध 44, म्हणजे एका क्लेने गेलं.

महाराष्ट्रातून कुणी या खेळात उतरत असेल तर एवढंच सांगेन: पहिल्याच वर्षी मापाचा दस्ता करायला धावू नका. खांद्याला बंदूक लावायची सवय पक्की नसेल तर माप आज एक येतं, महिन्याने दुसरं. आधी क्लबच्या बंदुकीवर हात बसू द्या, आरशासमोर डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावा, डोळे उघडा आणि डोळा पट्टीच्या रेषेत आहे का ते पाहा. तो रोज त्याच जागी येऊ लागला की मग माप द्या. पैसे मोजके असतील तर नक्षीकाम सोडा, लाकडाच्या सुंदर रेघाही सोडा. दस्त्याच्या मापात मात्र काटकसर करू नका.