मढ्याचं कापड आणि मढ्याचं सोनं

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा चोपड्याच्या वर्गात मी पुष्कळ वर्षे शिकवली, आणि चुकीची शिकवली. निवृत्तीनंतर हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. शब्दांकडे न पाहता कथेचा ‘बोध’ शोधण्याची सवय आपल्या सगळ्या शिक्षणालाच आहे.

कथा अशी. वारणेकाठचा दांडगा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. उपनगराबाहेर दगडाच्या खाणीवर त्याला काम मिळते. काही महिन्यांत खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान मुलगी. एके दिवशी वाटेतल्या स्मशानाच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, आणि तो रात्री राख चाळू लागतो, पुरलेली मढी उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो मढ्याचा जबडा पहारीने उचकटतो. सोने मिळते, पण बोटे जबड्यात अडकतात. डॉक्टर दोन बोटे कापतो, आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

मी फळ्यावर लिहून देत असे : आशय, दारिद्र्य, तात्पर्य, वाईट मार्गाचा शेवट वाईट. मुले उतरवून घेत. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळत.

एका वर्षी एक मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे भीमा चोरच.” मागच्या बाकावरची मुलगी उठली. “चोरी कोणाची, सर? मेलेल्याची की जित्याची?” मला उत्तर देता आले नाही. वेळ मारून नेण्यासाठी मी एक काम सांगितले : मेलेल्या माणसाला तुमच्या घरी, गावात काय काय म्हणतात, ते लिहून आणा.

तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या त्या मुलांनी आणलेली यादी मी अजून विसरलो नाही. पुढारी गेला की ‘पार्थिव’. पोलिसांच्या कागदात ‘प्रेत’. खानदेशात सर्रास ‘मयत’. गरिबाचे ‘मढं’. एकच निर्जीव देह, पण शब्दांची उतरंड जिवंत माणसांसारखीच! मेल्यावर सगळे समान, हे वाक्य आपल्या भाषेलाच मान्य नाही.

त्या रात्री मला आजीची गोधडी आठवली. तिच्यात पांढऱ्या कापडाचे तुकडे जास्त होते. तापीकाठच्या आमच्या गावात मढ्यावरचे कापड आजोबांच्या पाळीत आमच्या घरी येई. आजी ते धुवून गोधडीला लावी, उरले तर आम्हा पोरांना सदरा शिवी. मेलेले ढोर ओढणे, मरणाचा सांगावा घेऊन परगावी जाणे आणि मढ्याचे कापड घेणे ही सारी गावकीची कामे आणि गावकीचे ‘हक्क’. महारांच्या परंपरागत बावन्न हक्कांची यादी मोठ्या दिमाखाने सांगितली जाते. त्या यादीतला हा हक्क म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूवरचा हक्क होता.

आता कथा पुन्हा वाचून पाहा. मेलेल्याच्या तोंडात तुळशीपत्र, गंगेचे पाणी आणि ऐपतीप्रमाणे सोन्याचा कण घालतात, त्याला ‘रीत’ म्हणतात. मढ्यावरचे कापड आम्ही घेतले, त्याला ‘हक्क’ म्हटले. मढ्यातले सोने भीमाने घेतले, ती ‘चोरी’ झाली. हात तसेच कष्टकऱ्याचे, स्मशानही तेच. फरक वस्तूच्या किमतीचा. कापड देऊन माणूस गुलाम राहतो. सोने मिळाले तर तो सुटण्याची भीती असते. म्हणून परंपरा कापड देते आणि सोने पुरते.

बाबासाहेबांनी ही शब्दांची लबाडी फार लवकर ओळखली. महाडला 1927 साली त्यांनी मृत ढोराचे मांस सोडायला सांगितले. 1928 साली मुंबई कायदे मंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा मात्र 1958 साली झाला. तो अमलात आला तेव्हा माझे आजोबा रडले होते. त्यांना वाटले, मान गेला. गुलामीला ‘मान’ हे नाव मिळाले की ती सोडतानाही माणूस रडतो. आपल्या चळवळीने हे दुखणे विसरू नये.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. 1929 साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले. तोड निघाली ती अशी : टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. कधी टांगा न हाकलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. टांगेवाल्याला भाडे चालले, टांगाही चालला. लगाम धरणे तेवढे चालले नाही! विटाळ पैशाला कधीच होत नाही.

अण्णा भाऊंचा भीमा बायकोला सांगतो की खरी भुते स्मशानात नसतात, ती शहरात असतात. मी हे वाक्य ‘अंधश्रद्धाविरोध’ म्हणून शिकवले होते. त्याचा अर्थ याहून कठोर आहे. खाण बंद करताना भीमाच्या चुलीचा विचार कोणी केला नाही. त्याच शहरात मेलेल्याच्या तोंडासाठी मात्र सोने शिल्लक होते. वाटेगावहून मुंबईला येऊन स्वतः मजुरी केलेल्या आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या लेखकाला हे शहर कळले होते.

आणि शेवट? भीमा सोन्यासाठी रडत नाही. डोंगर फोडणारी बोटे गेली म्हणून रडतो. कथेतले सर्वांत मोलाचे धन सोने नाही, काम करणारा हात आहे. त्या हाताला वेळेवर काम मिळाले असते, तर पहार दगडावरच पडली असती. ‘वाईट मार्गाचा शेवट वाईट’ असे म्हणणारा शिक्षक तो मार्ग कोणी दाखवला हे विचारत नाही. मी विचारले नव्हते.

ती मुलगी पुढे काय झाली, मला ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाने मात्र माझा फळा बदलला. नंतर मी तात्पर्य लिहून देणे सोडले. तीन शब्द लिहीत असे : रीत, हक्क, चोरी. आणि विचारत असे, हे नाव कोणी दिले? शिक्षक मित्रांनो, परंपरेवरची कोणतीही कथा शिकवताना एवढे एकच विचारा. गोधडीतले पांढरे तुकडे कुठून आले, ते मुले स्वतःच घरी जाऊन विचारतील.