मामांची तालीम: लातूरच्या मातीतला वस्ताद

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट आपल्या लातूरची आहे, पण ती सांगायला आपल्याला कोल्हापूर, स्कॉटलंड, पुणे आणि पार ऑस्ट्रेलियापर्यंत जावं लागणार आहे.

नांदेडकडच्या लोकांनी माळेगावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड पाहिला असेल. लातूरकरांनी सिद्धेश्वराच्या यात्रेतला. हलगी कडाडते, शड्डू ठोकले जातात, अंगावर माती उधळली जाते. आपण तिथे पैलवान बघतो. पण त्या पैलवानाच्या मागे एक माणूस उभा असतो. त्याला आपण कोच नाही म्हणत, वस्ताद म्हणतो. आजचा भाग त्या वस्तादाचा. नाव हरिश्चंद्र बिराजदार. सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

मामा निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. आता त्या काळाचा विचार करा. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरात निजामाच्या राजवटीतून सुटला. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय देऊन, खासबाग मैदान बांधून कित्येक दशकं झाली होती. आपल्याकडे जत्रा होत्या, ताकद होती, हौस होती. पण पैलवान घडवणारी मोठी तालीम कोल्हापुरात. म्हणून मामा तिकडे गेले आणि गंगावेस तालमीत घडले.

१९६९ ला महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरला भरलं आणि गदा कोणी उचलली? लातूरच्याच पोरानं. आपल्याच माणसांसमोर! पुढच्याच वर्षी, १९७० ला, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मामांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढे ते हिंदकेसरी झाले. दिल्लीच्या सतपालसारख्या मल्लालाही त्यांनी हरवलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तरी आज मी मामांचं नाव घेतलंच असतं. पण मला त्यांच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग जास्त मोठा वाटतो. कुस्ती सोडल्यावर मोठमोठे पैलवान जुन्या गदांवर आणि सत्कारांवर जगतात. मामा पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत उभे राहिले आणि दुसऱ्यांची पोरं घडवू लागले.

वस्तादाचं काम म्हणजे नेमकं काय? फक्त डाव शिकवणं नाही. तालीम हे पोराचं घर असतं. पहाटे कोण उठलं नाही, खुराक कोणाला परवडत नाही, जोर-बैठका मारताना कोण चुकवतंय, कोणाचं मन गावाकडे लागलंय, हे सगळं वस्तादाला बघावं लागतं. त्यात मामांच्या पिढीपुढे आणखी एक कोडं होतं. मातीतली कुस्ती निकाली असते. पाठ लागली की खेळ संपला. मॅटवर मात्र घड्याळ आणि गुण चालतात. दम, वेग, पट काढायची पद्धत, सगळंच बदलतं. मामा मातीत वाढले होते आणि मॅटवर सोनं जिंकून आले होते. दोन्हीकडचं ठाऊक असलेला वस्ताद मिळणं ही त्या पोरांसाठी फार मोठी गोष्ट होती. २००६ ला मामांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

आता वारसा बघा. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार मामांचे शिष्य. ग्रीको-रोमन कुस्तीत नाव कमावून त्यांनी अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुढे स्वतःच पुण्यात वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारेही मामांकडेच आला. २०११ ला मामा गेले. राहुलसाठी तो डोक्यावरचं छप्पर गेल्यासारखा धक्का होता. पुढे त्याला काकांनी सांभाळलं. एका वस्तादाचं अर्धं राहिलेलं काम त्याच्याच शिष्यानं पुढे नेलं.

एप्रिल २०१८. गोल्ड कोस्ट. राष्ट्रकुल स्पर्धा, ५७ किलो वजनगट. राहुलनं सुवर्णपदक जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. एडिंबरोनंतर ४८ वर्षांनी तेच सोनं त्याच तालमीच्या घराण्यात परत आलं, पण बघायला मामा नव्हते.

अजून एक प्रसंग. जानेवारी २०२०, बालेवाडी, महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत. एकीकडे नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडे लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काकांचेच पठ्ठे! हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. ही गोष्ट डावपेचांच्या पुस्तकातून येत नाही, तालमीतून येते.

पण मंडळी, मला एक गोष्ट टोचते. मामा कोल्हापूरला गेले, मग पुण्यात राहिले. काका पुण्यात. राहुल पुण्यात. मराठवाड्याची माती पैलवान देते, आणि त्यांना घडवायला बाहेर पाठवते. १९६९ ला लातूरच्या मैदानात गदा उचलणाऱ्या पोराला गाव सोडावं लागलं होतं. आजही लातूर-नांदेडच्या एखाद्या पोराच्या मनात कुस्ती भरली, की बाप आधी पुण्याच्या गाडीचं वेळापत्रक बघतो.

मामांचं स्मरण करायचं तर पुतळा, कमान वगैरे ठीक आहे. पण माझ्या मते खरं स्मारक वेगळं असेल. आपल्याच जिल्ह्यात एक चांगला मॅट, पोटभर खुराक, आणि पहाटे पाचला पोरांच्या आधी उठणारा एक वस्ताद.

तुमच्या गावात असा कोणी वस्ताद आहे का? असेल तर या रविवारी त्यांना जाऊन भेटा. त्यांनी घडवलेल्या पोरांची नावं विचारा आणि लिहून ठेवा. गदांवर पैलवानांची नावं कोरली जातात, वस्तादांची नाही. ती आपल्यालाच लक्षात ठेवावी लागतात.

भेटू पुढच्या भागात. राम राम!