वजनकाट्यामागचा इतिहास

कुवेतमध्ये आपल्या लेकराचा एमआरआय गुंगी देऊन करायचा ठरला, की सिस्टर आधी त्याला वजनकाट्यावर उभं करतात. आपण अंदाजे सांगितलेल्या वजनावर भागत नाही. त्यामागची गोष्ट आज ऐकूया.

आखाती रस्त्यावरची ‘अमेरिकानी’ इमारत तुम्ही पाहिली असेलच. मिशनचं ते हॉस्पिटल 1914 च्या सुमारास उभं राहिलं, तेव्हा भूल म्हणजे मुख्यतः हुंगवलेलं ईथर किंवा क्लोरोफॉर्म. 1848 मध्ये इंग्लंडात पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मने दगावली होती. आधी श्वास थांबतो की हृदय, यावर वाद पेटला. तो सोडवायला 1888 आणि 1889 मध्ये निजामाच्या हैदराबादेत आयोग बसले. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. हृदयाला धोका नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. ‘श्वासावर नजर ठेवा’ हा धडा मात्र टिकला.

1934 मध्ये थायोपेंटोन आलं आणि शिरेतून भूल देणं रुळलं. हुंगवलेलं औषध उच्छ्वासातून बरंचसं बाहेर पडतं. शिरेत गेलेलं मागे ओढता येत नाही. 1985 मध्ये अमेरिकेत मिडाझोलामला परवानगी मिळाली. ते जुन्या डायझेपामपेक्षा कितीतरी तीव्र. सुरुवातीचे डोस जास्त ठरले, श्वास मंदावून रुग्ण दगावले. मग डोस कमी झाले, ठळक इशारा छापला गेला. त्याच वर्षी, एकाच दंतचिकित्सालयात तीन मुलं दगावल्यानंतर, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या गुंगीसाठी नियम घातले.

आता हिशेब पाहा. लहान मुलाला मिडाझोलामचा सुरुवातीचा डोस किलोमागे 0.05 ते 0.1 मिलिग्राम. दहा किलोच्या बाळाला अर्धा ते एक मिलिग्राम. एका मिलीलीटरमध्ये पाच मिलिग्राम असतील, तर सिरिंजमध्ये फक्त 0.1 ते 0.2 मिलीलीटर! दशांशचिन्ह एक घर सरकलं, की दहापट. पौंडाचा आकडा किलो समजला, तर दुपटीहून जास्त. म्हणून डोस थोडा-थोडा देतात, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबतात आणि बोटाला ऑक्सिमीटर लावतात.

आपलं काम सोपं आहे. मूल घोरतं का, सर्दी आहे का, घरी कुठलं औषध दिलं, शेवटचं कधी खाल्लं, हे खरंखरं सांगा. रडतंय म्हणून गुपचूप दूध पाजू नका. पोटातलं दूध उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि निःसंकोच विचारा, “गुंगीत असताना याच्या श्वासाकडे कोण बघणार?”