गोदीतील सोने आणि माणसे
सातारा-पाटणच्या डोंगरी मुलखातील कष्टकरी पूर्वापार मुंबईच्या गोदीत हमालीस जात आला. म्हणून तेथील ही हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

युद्धकाळात बंदरांतील मालाच्या चोरीची सरकारास मोठी धास्ती असे. 'फोर्ट स्टायकिन' जहाज १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईस आले, तेव्हा त्यावरील सोन्याच्या १२४ विटा पोलादी टाकीत ठेवून झाकण वेल्डिंगने बंद केलेले होते. चोराविरुद्ध एवढा बंदोबस्त! आणि त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, व त्याच्याच खालच्या कप्प्यात कराचीस भरलेल्या कापसाच्या गासड्या. यास काय म्हणावे?

१४ एप्रिलच्या दुपारी कापूस पेटला. चारच्या सुमारास पहिला व अर्ध्या तासाने दुसरा स्फोट होऊन व्हिक्टोरिया डॉक उद्ध्वस्त झाला. अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही पाळला जातो. सोने चहूकडे उडाले. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली. गाळ उपसताना १९७० च्या दशकातही विटा सापडल्या, आणि त्या ब्रिटिश सरकारकडे गेल्या.

मृतांचा आकडा मात्र आठशे ते तेराशे असा अंदाजानेच सांगतात. त्यांत आपल्या मुलखातील हमाल किती, हे कोणी मोजले नाही.