फॉक्स, सॅमँथा

(१५ एप्रिल १९६६ – ). ब्रिटिश ग्लॅमर मॉडेल, पॉप गायिका व अभिनेत्री. जन्म पूर्व लंडनच्या माइल एंड भागातील कामगार कुटुंबात. लहानपणी ती ॲना शेर यांच्या नाट्यशाळेत शिकली. मायदेशात तिची ओळख आधी छायाचित्रांमुळे झाली. गायिका म्हणून तिला ब्रिटिश श्रोत्यांबरोबरच अमेरिकी श्रोत्यांनीही स्वीकारले.

‘द सन’ या लंडनच्या दैनिकाने १९७० पासून तिसऱ्या पानावर अनावृत मॉडेलचे छायाचित्र छापण्याची प्रथा पाडली होती. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्या पानावर सॅमँथा झळकली, तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती. तत्कालीन ब्रिटिश कायद्याला ते चालत होते. २००३ च्या कायद्याने अशा छायाचित्रांसाठीची वयोमर्यादा अठरावर नेली. आजच्या निकषाने ते छायाचित्र गुन्हाच ठरते. दैनिकाचा खप तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास होता, त्यामुळे ती बघता बघता घरोघरी पोचली. विसाव्या वर्षी, १९८६ मध्ये, तिने हे काम थांबवले.

त्याच वर्षी जाइव्ह रेकॉर्ड्सने तिचे ‘टच मी’ हे गाणे काढले. ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या, तर अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. सिंथेसायझरचा ठेका, गिटारचा धारदार सूर आणि तिचा किंचित घोगरा आवाज यांवर ते उभे होते. पुढच्या वर्षी स्टॉक, एटकन आणि वॉटरमन या यशस्वी निर्मात्यांनी तिच्यासाठी ‘नथिंग्ज गोना स्टॉप मी नाऊ’ केले. तेही ब्रिटनमध्ये पहिल्या दहात पोचले.

यानंतर तिने वाट बदलली. ब्रुकलिनच्या फुल फोर्स या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या चमूबरोबर तिने ‘नॉटी गर्ल्स’ केले. १९८८ मध्ये ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर चढले; पाठोपाठ ‘आय वॉना हॅव सम फन’ आठव्या क्रमांकावर आले. ब्रिटनमध्ये मात्र यांपैकी एकही गाणे पहिल्या दहात आले नाही. अमेरिकेत तिसऱ्या पानाचा गवगवा फारसा नव्हता. तिथल्या नृत्यगृहांत आणि रेडिओवर ही गाणी ठेक्याच्या जोरावर वाजली. तिचे गायन तपासायचे तर ‘टच मी’पेक्षा ही दोन गाणी ऐकायला हवीत.

ब्रिटिश संगीतक्षेत्रातील १९८९ चा ब्रिट पुरस्कार सोहळा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत चर्चित प्रसंग ठरला. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सूत्रसंचालनाला तिच्या जोडीला ‘फ्लीटवुड मॅक’ या बँडचा ताडमाड उंच मिक फ्लीटवुड होता आणि ती स्वतः जेमतेम पाच फूट. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत होता. संवाद चुकत गेले, पाहुणे भलत्याच क्रमाने येऊ लागले. घोषणा झाली ‘फोर टॉप्स’ या गायकसमूहाची आणि मंचावर आला गायक बॉय जॉर्ज. पुढे अनेक वर्षे हा सोहळा आधी ध्वनिचित्रमुद्रित करूनच दाखवला गेला. थेट प्रक्षेपण परतले २००७ मध्ये.

तिचा व्यवहार वडील पाहत असत. १९९१ मध्ये तिने त्यांना दूर केले आणि पैशांच्या हिशेबावरून प्रकरण न्यायालयात गेले. १९९५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तिला साडेतीन लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला.

याच वर्षी भारतीय प्रेक्षकांना ती हिंदी पडद्यावर दिसली. कमल सदाना याची भूमिका आणि बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेल्या ‘रॉक डान्सर’मध्ये तिने काम केले. डिस्कोला हिंदी सिनेमात रुजवणारा संगीतकार आणि नृत्यसंगीतावर नाव कमावलेली गायिका असा हा योग होता. अभिनयाच्या वाटेवर तिला मोठे यश लाभले नाही. दूरचित्रवाणीवर मात्र ती दिसत राहिली. २००९ मध्ये ‘आय ॲम अ सेलिब्रिटी’ आणि २०१६ मध्ये ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ या ब्रिटिश कार्यक्रमांत तिने भाग घेतला.

मायरा स्ट्रॅटन ही सॅमँथाची व्यवस्थापक व जीवनसाथी होती. २००३ मध्ये सॅमँथाने हे नाते जाहीर केले. २०१५ मध्ये कर्करोगाने मायराचे निधन झाले. त्याच वर्षी ‘द सन’ने तिसऱ्या पानावरील अनावृत छायाचित्रे बंद केली. ‘फॉरएव्हर’ हे सॅमँथाचे आत्मचरित्र २०१७ मध्ये प्रकाशित झाले.