अॅबट्सफर्ड : लेखणीच्या कमाईतून उभी राहिलेली गढी

भिंतीच्या कोपऱ्यांतून बाहेर झेपावलेले छोटे गोल बुरूज, त्यांवर निमुळती छपरं आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले भिंतींचे माथे. स्कॉटलंडमधली अशी दगडी घरं बघताना मध्ययुगच आठवतं, पण त्यांतली बरीचशी एकोणिसाव्या शतकात बांधलेली आहेत. ‘स्कॉटिश बॅरोनियल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीचा माग काढत गेलं, की आपण ट्वीड नदीकाठी सर वॉल्टर स्कॉट यांच्या अॅबट्सफर्डला पोचतो.

मुळात बुरुजांचं हे रूप गरजेपोटी आलं होतं. जहागीरदारांची आपसांतली वैरं आणि सीमेवरच्या लुटी यांमुळे घर हीच गढी असे. जाड भिंती, आत शिरायला एकच दार, तळमजल्यावर कमानीच्या छताची कोठारं आणि राहणं वरच्या मजल्यांवर. कोपऱ्यातल्या बुरुजांतून दोन्ही बाजूंच्या भिंती नजरेत राहत. १६०३ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एका राजाखाली आले आणि हळूहळू सीमा शांत झाली. तरी १६२६ मध्ये विल्यम फोर्ब्ज या व्यापाऱ्याने पुरा केलेल्या क्रेगिव्हार वाड्यावर बुरूज आहेतच. पुढे श्रीमंतांना प्रशस्त, प्रमाणबद्ध वाडे आवडू लागले आणि जुन्या गढ्या मागे पडल्या.

स्कॉट यांनी १८११ मध्ये सुमारे ११० एकरांचं एक साधं शेत विकत घेतलं; तेच पुढे अॅबट्सफर्ड झालं. ते पेशाने वकील, सेलकर्क परगण्याचे शेरीफ आणि तोवर नावाजलेले कवी होते. १८१४ पासून निनावी प्रसिद्ध होत गेलेल्या त्यांच्या कादंबऱ्यांनी भरपूर पैसा दिला. तो जमिनीत, झाडांत आणि घरात गेला. १८१७ ते १८२४ या काळात वास्तुविशारद विल्यम अॅटकिन्सन यांच्या मदतीने जुन्या गढ्यांच्या वळणाचं घर वाढत गेलं.

स्कॉट यांची इतिहासावरची माया या भिंतींत शब्दशः चिणलेली आहे. एडिंबराचा जुना तुरुंग १८१७ मध्ये पाडला, तेव्हा त्याचं दार त्यांनी आणवलं आणि बाहेरच्या भिंतीत उंचावर बसवलं. त्याच तुरुंगाभोवती त्यांची १८१८ची ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ ही कादंबरी फिरते. देवडी लिनलिथगो राजवाड्याच्या धर्तीवर बांधलेली, तर प्रवेशदालनाचं लाकूडकाम डनफर्मलिनच्या जुन्या चर्चमधलं. आणि याच घरात १८२३ मध्ये गॅसचे दिवे लागले!

१८२६ मध्ये स्कॉट यांचे पैसे गुंतलेला प्रकाशन आणि छपाईचा धंदा बुडाला. सुमारे १,२०,००० पौंडांचं कर्ज अंगावर आलं. दिवाळं जाहीर न करता ते फेडण्यासाठी स्कॉट लिहीत राहिले. १८३० मध्ये धनकोंनी त्यांचा ग्रंथसंग्रह आणि सामान त्यांना परत देऊ केलं. १८३२ मध्ये याच घरात त्यांनी देह ठेवला. उरलेलं कर्ज पुढे पुस्तकांच्या उत्पन्नातून फिटलं. १८३३ पासून घर लोकांसाठी खुलं झालं आणि वाचकांची रीघ लागली.

शैली मात्र केव्हाच उंबऱ्याबाहेर पडली होती. रॉबर्ट बिलिंग्ज यांनी १८४५ ते १८५२ या काळात जुन्या वास्तूंच्या चित्रांचे चार खंड काढले. वास्तुविशारदांना त्यांत हवे ते नमुने मिळाले. डेव्हिड ब्राइस यांनी या शैलीत कितीतरी वाडे बांधले. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाने १८५२ मध्ये स्कॉटलंडमधली बाल्मोरलची जहागीर विकत घेतली. अॅबर्डीनच्या विल्यम स्मिथ यांनी तिथे स्थानिक ग्रॅनाइटचा नवा वाडा उभा केला. तो १८५६ मध्ये पुरा झाला आणि बुरुजांना राजमान्यता मिळाली. मग कारखानदार आणि सावकारही शिकारीच्या मोसमासाठी असेच वाडे बांधू लागले.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तर स्कॉटलंडमधल्या दऱ्याखोऱ्यांतून हजारो कुळांना हुसकून तिथे मेंढ्या आणल्या गेल्या. पुढे कितीतरी रानं हरणांच्या शिकारीसाठी राखली गेली. कित्येक वाडे अशाच ओस मुलखात उभे राहिले. स्कॉट यांनी जुने दगड जपले ते त्यांमागच्या माणसांच्या गोष्टींसाठी. नंतरच्या अनेकांनी बुरूज तेवढे उचलले आणि माणसं वगळली. म्हणून असा वाडा बघताना तो कोणी बांधला याच्या जोडीला, त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं हेही विचारावं. त्याशिवाय त्याची कुळकथा अर्धीच राहते.